पुराव्याला विद्यापीठात नेणारा रसायनशास्त्रज्ञ

बारावी विज्ञान झाल्यावर ‘फॉरेन्सिक’ला प्रवेश घ्यायचा, असे ठरवून बसलेली मुले-मुली आता मोठ्या शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतही भेटतात. दूरचित्रवाणीवरील मालिकांचा त्यात मोठा वाटा आहे. पण गुन्ह्याचा पुरावा हा विद्यापीठात शिकण्याचा, परीक्षा देऊन पदवी मिळवण्याचा विषय आहे, ही कल्पना फार जुनी नाही. 1909 मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठाने या विषयासाठी स्वतंत्र संस्था उघडली आणि जगात पहिल्यांदाच हा विषय नियमित अभ्यासक्रम म्हणून उभा राहिला. ती संस्था उभारणारे आर्चिबाल्ड राइस हे ना पोलीस होते, ना वकील, ना डॉक्टर. ते रसायनशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा जीव छायाचित्रणात रमला होता.

इथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. मृतदेहाची तपासणी करून मृत्यूचे कारण सांगणारी वैद्यकशाखा म्हणजे न्यायवैद्यकशास्त्र. ती युरोपातील वैद्यकीय महाविद्यालयांत फार पूर्वीपासून शिकवली जात होती. पण मृतदेहाच्या आजूबाजूला जे उरते त्याचे काय? दाराच्या कडीवरचे बोटांचे ठसे, चिखलातली पावले, तिजोरीवर हत्याराने उमटलेले ओरखडे, खाडाखोड केलेला दस्तऐवज, कपड्यावरचा डाग या सगळ्याचा अभ्यास म्हणजे न्यायसहायक विज्ञान. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला विद्यापीठात घर नव्हते. एखादा हुशार पोलीस अधिकारी, एखादा चौकस न्यायाधीश किंवा न्यायालयाने बोलावलेला एखादा रसायनतज्ज्ञ आपापल्या अनुभवावर हे काम करत असे. तो निवृत्त झाला की त्याचे ज्ञानही त्याच्याबरोबर जाई.

राइस यांचा जन्म 8 जुलै 1875 रोजी जर्मनीतील बाडेन प्रांतात, ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगराळ भागात झाला. घर सधन, भावंडे पुष्कळ. शालेय शिक्षण जर्मनीत झाल्यावर उच्च शिक्षणासाठी ते स्वित्झर्लंडच्या फ्रेंचभाषक भागात, लोझानला आले. अवघ्या बाविसाव्या वर्षी त्यांनी रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर त्यांनी जर्मनीऐवजी लोझानलाच आपले गाव मानले आणि पुढे स्विस नागरिकत्वही घेतले. ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात पुढे फार महत्त्वाची ठरली.

त्या काळी छायाचित्रण म्हणजे निम्मे रसायनशास्त्रच होते. काचेच्या पट्टीवर चांदीच्या क्षारांचा थर, त्यावर पडणारा प्रकाश, मग अंधाऱ्या खोलीत द्रावणांतून उमटणारी प्रतिमा. विद्यापीठातील छायाचित्रण प्रयोगशाळेत काम करताना राइस यांच्या लक्षात आले की, कॅमेरा फक्त डोळ्याला दिसते ते टिपत नाही. डोळ्याला जे दिसत नाही तेही तो दाखवू शकतो.

त्यामागचे विज्ञान समजायला सोपे आहे. त्या वेळच्या काचपट्ट्या निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनशील होत्या. तांबड्या प्रकाशाची त्यांना फारशी जाण नव्हती. एखाद्या खतावरील शाई रसायनाने पुसून टाकली, तरी तिच्यातील लोहाचा फिकट पिवळसर अंश कागदात राहतो. डोळ्याला तो जाणवत नाही. पण पिवळा रंग निळा प्रकाश शोषून घेतो. त्यामुळे निळ्या प्रकाशाला संवेदनशील असलेल्या पट्टीवर तीच जागा गडद उमटते आणि पुसलेले अक्षर वाचता येते. दुसरी युक्ती आणखी साधी. कागदावर प्रकाश समोरून न टाकता कडेने, अगदी तिरपा टाकायचा. मग लेखणीच्या दाबाने पडलेली बारीकशी खाचही सावली टाकते आणि वरचे पान फाडून नेले असले तरी खालच्या पानावर काय लिहिले गेले होते ते कळते. आजही दस्तऐवज तपासणीच्या प्रयोगशाळेत तिरपा प्रकाश ही पहिल्या काही तपासण्यांपैकी एक असते.

हे प्रयोग करत असताना राइस पॅरिसला जाऊन आल्फाँस बर्तियाँ यांच्याकडे शिकले. बर्तियाँ पॅरिसच्या पोलीस दलात साधे कारकून म्हणून लागले होते. कैद्यांच्या डोक्याची, हाताची, पायाची मापे घेऊन त्यांची ओळख पटवण्याची पद्धत त्यांनी 1880 च्या दशकात बसवली होती. गुन्ह्याच्या जागेचे छायाचित्र मापासह घेण्याची रीतही त्यांचीच. छायाचित्रावरून खोलीतील टेबल आणि मृतदेह यांमधील अंतर नंतर मोजता यावे, ही त्यामागची कल्पना. त्याच सुमारास बोटांच्या ठशांचे शास्त्रही झपाट्याने पुढे येत होते. ठशांच्या वर्गीकरणावर चालणारा जगातील पहिला विभाग 1897 मध्ये आपल्याकडे कोलकात्यात सुरू झाला होता. राइस यांनी हे सारे पाहिले, वाचले, पारखले. 1903 मध्ये त्यांनी न्यायविषयक छायाचित्रणावर मोठा ग्रंथ लिहिला. 1906 मध्ये लोझान विद्यापीठाने त्यांना वैज्ञानिक छायाचित्रणाचे प्राध्यापक केले. गुन्हे तपासात त्याचा उपयोग कसा करायचा, हाही त्यांच्या अध्यापनाचा भाग होता.

विद्यार्थी येऊ लागले. कायद्याचे, विज्ञानाचे, काही पोलीस खात्यातले. शेवटी 1909 मध्ये स्वतंत्र संस्था आणि स्वतंत्र पदविका अस्तित्वात आली. राइस यांचा आग्रह असा की, एखाद्याला चार युक्त्या शिकवून तज्ज्ञ म्हणवता येणार नाही. ठसा कसा उमटतो, तो किती दिवस टिकतो, कशाने बिघडतो, दोन ठसे सारखे आहेत असे म्हणायला किती खुणा जुळाव्या लागतात, हे ज्याला मुळापासून समजले आहे त्यानेच न्यायालयात उभे राहावे. त्यासाठी रसायन हवे, भौतिकशास्त्र हवे, छायाचित्रण हवे आणि कायद्याची जाणही हवी. शिवाय प्रत्यक्ष घटनास्थळी जाऊन हात घाण करायची तयारी हवी. राइस स्वतः वोद प्रांतातील चोऱ्या, खून, आगी अशा प्रकरणांत तपासासाठी जात आणि त्यातले अनुभव वर्गात आणत.

विद्यापीठाचा आग्रह धरण्यात आणखी एक अर्थ होता. पोलीस ठाण्यातला तज्ज्ञ कितीही प्रामाणिक असला तरी तो तपास करणाऱ्या बाजूचा माणूस असतो. आरोपीच दोषी आहे, असे वरिष्ठांनी ठरवून टाकले असेल, तर त्याच्या निष्कर्षावर नकळत दडपण येते. प्राध्यापकाचे तसे नसते, निदान तसे नसावे. पुरावा आरोपीच्या विरोधात गेला काय किंवा त्याच्या बाजूने गेला काय, त्याला दोन्ही सारखेच.

1911 मध्ये राइस यांनी वैज्ञानिक पोलीस तपासावरील आपल्या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. चोऱ्या आणि खून हा त्याचा विषय. त्यांचे नाव युरोपभर गेले. रशियाने आपले अधिकारी त्यांच्याकडे शिकायला पाठवले. 1913 मध्ये ब्राझीलने त्यांना व्याख्यानांसाठी बोलावले. दरम्यान, 1910 मध्ये फ्रान्समधील लिआँ येथे एडमाँ लोकार यांनी पोलीस प्रयोगशाळा सुरू केली होती. दोन वस्तूंचा संपर्क झाला की एकीचे काहीतरी दुसरीवर राहतेच, हे आज प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात शिकवले जाणारे तत्त्व लोकार यांच्या नावाने ओळखले जाते. हा विषय आता स्वतःच्या पायावर उभा राहत होता आणि राइस चाळिशीच्या आतच त्याचे अग्रणी बनले होते. पुढची तीस वर्षे लोझानमध्ये मानाने, शांतपणे काढता आली असती.

पण 28 जुलै 1914 रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियावर युद्ध पुकारले. ऑगस्टमध्ये त्यांचे सैन्य सर्बियाच्या वायव्य भागात घुसले आणि काही दिवसांतच पराभूत होऊन मागे हटले. ते हटल्यावर माच्वा भागातील खेड्यांत जे दिसले ते भयंकर होते. नि:शस्त्र गावकऱ्यांची, बायकांची, मुलांची कत्तल झाली होती. सर्बियाच्या सरकारपुढे प्रश्न होता तो हे जगाला पटवून देण्याचा. युद्धात प्रत्येक पक्ष दुसऱ्यावर अत्याचाराचे आरोप करतो आणि त्रयस्थ देश ते ऐकून सोडून देतात. म्हणून सर्बियाने तटस्थ देशातील एका तज्ज्ञाला बोलावले. लोझानच्या प्राध्यापकांनी हो म्हटले आणि 1914 च्या शरद ऋतूत ते सर्बियात पोहोचले.

ज्या पद्धतीने एका खोलीतील एका खुनाचा तपास करायचा, त्याच पद्धतीने राइस यांनी संपूर्ण प्रदेशाचा तपास केला. गावोगाव फिरले. जळालेल्या घरांची, कबरींची, जखमी माणसांची छायाचित्रे घेतली. लेश्निका या गावी 109 गावकऱ्यांना एकत्र मारून पुरले होते. त्या खड्ड्याची मापे नोंदवली. वाचलेल्यांचे जबाब घेतले आणि ते घटनास्थळाशी ताडून पाहिले. गावनिहाय तक्ते केले: मृताचे वय, स्त्री की पुरुष, मृत्यू कशाने. आपल्याकडच्या पंचनाम्याची सवय असलेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही. नवल हे की, एका सैन्याच्या कृत्यांचा असा पंचनामा विज्ञानाच्या प्राध्यापकाने करावा, ही गोष्ट तोवर जवळपास कुणाला सुचलीच नव्हती.

त्यांनी केवळ पीडितांवर विसंबून राहायचे नाही, असेही ठरवले होते. पकडलेल्या ऑस्ट्रो-हंगेरियन सैनिकांचेही जबाब त्यांनी घेतले. आपल्याच अधिकाऱ्यांनी काय हुकूम दिले होते, हे त्यांतल्या अनेकांनी सांगितले. ही माणसे उद्या मायदेशी परतली तर त्यांच्यावर सूड उगवला जाईल, हे ओळखून राइस यांनी अहवालात त्यांची नावे झाकली. साक्षीदाराचे संरक्षण हा आज न्यायव्यवस्थेतला रुळलेला विचार आहे. 1914 मध्ये तो एका तपासनीसाच्या समजुतीचा भाग होता.

अहवालातला वैज्ञानिकदृष्ट्या सर्वांत ठोस भाग गोळ्यांविषयीचा आहे. सर्बियन रुग्णालयांतील शल्यचिकित्सकांना काही विचित्र जखमा दिसत होत्या. गोळी आत शिरली ती जागा नेहमीसारखी लहान. पण बाहेर पडली तिथे मांसाच्या चिंध्या झालेल्या आणि हाडाचा भुगा. साधी रायफलची गोळीही हाडाला लागल्यावर मोठी जखम करू शकते, त्यामुळे केवळ जखम पाहून निष्कर्ष काढणे घाईचे ठरले असते. राइस यांनी सैनिकांकडून हस्तगत झालेली काडतुसे मिळवली आणि ती उघडून पाहिली. गोळीच्या आत दारूची छोटी कुपी, तिला पेटवणारी टोपी आणि आघात होताच पुढे सरकणारा खिळा अशी रचना सापडली. म्हणजे ही गोळी लक्ष्यावर आदळल्यावर स्वतःच फुटत होती. अशी काडतुसे मारा कुठे पडतो हे पाहण्यासाठी, अंतर ताडण्यासाठी म्हणून बनवलेली होती. ती माणसांवर झाडली गेली होती. 400 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे स्फोटक अस्त्र माणसांवर वापरू नये, असे 1868 च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने ठरवले होते आणि ऑस्ट्रिया-हंगेरी त्यात सहभागी होती. जखम, तिच्याशी जुळणारी गोळी आणि गोळीच्या आतली यंत्रणा अशी साखळी राइस यांनी जोडून दाखवली. आजचा विद्यार्थी प्रयोगशाळेत हेच शिकतो.

हा अहवाल फ्रेंचमध्ये आणि 1916 मध्ये इंग्रजीतही प्रसिद्ध झाला. दरम्यान, राइस स्वतः बदलत होते. जे पाहिले त्यानंतर लोझानच्या वर्गात परतून तिजोरीवरचे ओरखडे शिकवणे त्यांना जमले नाही. ते सर्बियन सैन्यासोबत राहिले, थेसालोनिकीच्या आघाडीवर गेले, सैनिकांचा गणवेश घातला, लोझानच्या वृत्तपत्रात युद्धाच्या बातम्या लिहिल्या. 1918 मध्ये विजयी सैन्य परतले तेव्हा तेही त्यांच्याबरोबर होते. पॅरिसच्या शांतता परिषदेतही ते सर्बियाच्या शिष्टमंडळाबरोबर गेले.

इथे त्यांच्या चरित्रातला अवघड प्रश्न उभा राहतो. ज्या तटस्थपणामुळे त्यांना बोलावले गेले, तो त्यांनी सोडून दिला होता. जन्माने जर्मन असलेल्या या माणसाने जर्मनभाषक साम्राज्याविरुद्ध पुरावे गोळा केले, म्हणून एका बाजूला ते गद्दार ठरले. आणि सर्बियाच्या बाजूने उघड उभे राहिल्यामुळे त्यांच्या निष्कर्षांवर बोट ठेवायला विरोधकांना जागा मिळाली. त्यांचा पहिला अहवाल टिकून राहिला, तो त्यांच्या तटस्थतेच्या प्रतिष्ठेमुळे नव्हे. छायाचित्रे, मापे, तक्ते आणि उघडून दाखवलेली काडतुसे ही कुणालाही पुन्हा तपासता येण्याजोगी होती, म्हणून तो टिकला. तपासणाऱ्या माणसाच्या मनात सहानुभूती असणारच. तिचा निष्कर्षावर परिणाम झाला की नाही, हे दुसऱ्याला पडताळता यावे अशी नोंद ठेवणे एवढेच त्याच्या हातात असते. न्यायसहायक विज्ञानाच्या शिक्षणात नोंदी, छायाचित्रे आणि पुराव्याच्या हस्तांतराची अखंड साखळी यांवर इतका भर असतो तो याचमुळे.

युद्धानंतर राइस लोझानला परतले नाहीत. त्यांनी प्राध्यापकपद सोडले आणि बेलग्रेडमध्ये घर बांधले. तेथील पोलिसांना वैज्ञानिक तपासाचे शिक्षण देण्याच्या कामात त्यांनी लक्ष घातले. पण नव्या राज्यातील राजकारण त्यांना मानवले नाही. युद्धात घरदार गमावलेले सैनिक उपेक्षेत, आणि युद्धात पैसा केलेले लोक सत्तेत, हे चित्र पाहून ते कडवट झाले. हळूहळू सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले. 1928 मध्ये त्यांनी सर्बियन जनतेला उद्देशून एक दीर्घ मनोगत लिहून ठेवले. त्यात या लोकांच्या शौर्याचे कौतुक आहे आणि त्यांच्या दोषांची, विशेषतः नेत्यांच्या स्वार्थाची, झोंबणारी चिकित्साही आहे. 8 ऑगस्ट 1929 रोजी शेजारी राहणाऱ्या एका माजी मंत्र्याशी त्यांचे कडाक्याचे भांडण झाले आणि त्यातच ते कोसळून मरण पावले. वय अवघे 54. बेलग्रेडच्या टॉपचिदेर दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे हृदय मात्र वेगळे काढून, 1916 मध्ये सर्बियन सैन्याने रक्त सांडून जिंकलेल्या कायमाकचालान शिखरावर नेऊन ठेवले गेले.

लोझानमधली संस्था मात्र त्यांच्याविना चालू राहिली, आणि हेच तिचे खरे यश. त्यांचे विद्यार्थी मार्क बिशॉफ यांनी ती अनेक दशके सांभाळली. राइस गेले त्याच वर्षी, 1929 मध्ये, बिशॉफ, लोकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोझानमध्येच या विषयाची आंतरराष्ट्रीय अकादमी स्थापन केली. आज तिथे पदवीपासून डॉक्टरेटपर्यंतचे शिक्षण मिळते. संस्थापक युद्धावर निघून गेला, परतलाच नाही, तरी ज्ञान त्याच्याबरोबर गेले नाही. पोलीस ठाण्यातल्या एकट्या हुशार माणसाला जे जमले नसते ते विद्यापीठामुळे साधले.

भारतात हा विषय विद्यापीठात यायला लोझाननंतर पन्नास वर्षे लागली. 1959 मध्ये मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठात गुन्हेशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाचा विभाग सुरू झाला. आणखी पन्नास वर्षांनी, 2009 मध्ये, गांधीनगरला केवळ याच विषयाचे विद्यापीठ उभे राहिले. 2020 मध्ये त्याला राष्ट्रीय दर्जा मिळाला. महाराष्ट्रातही मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक होत आहे. म्हणजे अशा प्रशिक्षित माणसांची गरज यापुढे जिल्ह्याजिल्ह्यात भासणार आहे.

त्यासाठी प्रवेश घेणाऱ्यांनी अभ्यासक्रम निवडताना राइस यांची कसोटी लावून पाहायला हरकत नाही. रसायन आणि भौतिकशास्त्राचा पाया पक्का करून घेतला जातो का? प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने काम करायला मिळते का? घटनास्थळाचा प्रत्यक्ष अनुभव मिळतो का? कायदा शिकवला जातो का, आणि उलटतपासणीला सामोरे जाण्याची तयारी करून घेतली जाते का? आणि आपला निष्कर्ष चुकीचा असेल, तर तो दुसऱ्याला पकडता येईल अशी नोंद ठेवायला शिकवले जाते का? कारण त्या नोंदीच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी एक आरोपी बसलेला असतो आणि तो कदाचित निर्दोष असतो.